पेशींची परांची आणि छिद्रांचे गणित

प्रयोगशाळेत अवयव 'पिकवण्या'च्या घोषणा गेली तीन दशके होत आहेत. त्वचा आणि कास्थी रुग्णांपर्यंत पोहोचली; यकृत आणि मूत्रपिंड मात्र अद्याप दूरच आहेत. या तफावतीचे एक मोठे कारण पेशींना आधार देणाऱ्या सांगाड्याच्या बारीक छिद्रांत दडलेले आहे.

विशेष प्रतिनिधी

पाठीवर माणसाच्या कानासारखा आकार वागवणाऱ्या उंदराचे छायाचित्र गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर गाजले. अनेकांना तो जनुकीय उलथापालथीचा प्रकार वाटला आणि त्यावर निषेधाचे सूरही उमटले. प्रत्यक्षात तो कान उगवण्यासाठी उंदराच्या जनुकांत कोणताही फेरफार करण्यात आला नव्हता. अमेरिकेतील चार्ल्स व्हॅकांटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या तंतूंपासून कानाच्या आकाराची सच्छिद्र जाळी बनवली, तीत गाईच्या कास्थीपेशी पेरल्या आणि ती जाळी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदराच्या त्वचेखाली ठेवली. आठवडे उलटत गेले, जाळी विरत गेली आणि तिच्या जागी कास्थी तयार झाली. हे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी चार वर्षे, म्हणजे १९९३ मध्ये, रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात ऊती अभियांत्रिकी, म्हणजेच टिश्यू इंजिनिअरिंग, या नव्या शाखेची रूपरेषा मांडली होती. जिवंत पेशी, त्यांना वाढीचे संकेत देणारी द्रव्ये आणि त्यांना धरून ठेवणारा सांगाडा या तिहींच्या मेळातून शरीराचा निकामी झालेला भाग पुन्हा घडवता येईल, ही त्यामागची कल्पना होय. अवयवदात्यांची वाट पाहत रुग्ण दगावतात, ही वस्तुस्थिती या साऱ्या धडपडीच्या मुळाशी आहे.

मग कान तयार झाला, तसे मूत्रपिंड का झाले नाही? कास्थीमध्ये रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्या पेशी अल्प प्राणवायूवर तग धरतात. यकृत, हृदय, मूत्रपिंड यांच्या पेशींना मात्र क्षणोक्षणी रक्तपुरवठा लागतो. तो पुरवठा सांगाड्याच्या आतल्या भागापर्यंत कसा पोहोचवायचा, हाच या शास्त्रातील कळीचा मुद्दा आहे आणि त्याचे उत्तर छिद्रांच्या रचनेशी बांधलेले आहे.

सपाट बशीची मर्यादा

शरीराबाहेर पेशी जगवण्याचे तंत्र जुने आहे. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतापेशी लसीकेच्या थेंबात वाढवून दाखवल्या. तेव्हापासून काचेच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या सपाट बशीत पेशी वाढवण्याची पद्धत रूढ झाली. ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सोयीची आहे. परंतु शरीरात बहुतेक पेशी सपाट पृष्ठभागावर राहत नाहीत. त्यांच्या सर्व बाजूंनी इतर पेशी असतात आणि कोलॅजेनसारख्या प्रथिनांची जाळी असते. बशीत पेशीची एक बाजू टणक प्लॅस्टिकला चिकटलेली आणि दुसरी द्रवाकडे उघडी, अशी स्थिती असते.

या फरकाचे परिणाम गंभीर आहेत. कास्थीपेशी बशीवर काही पिढ्या वाढवल्या, तर त्या पसरट होतात आणि कास्थीला लागणारे विशिष्ट कोलॅजेन बनवणे सोडून देतात. त्याच पेशी अगारोजच्या त्रिमितीय जेलमध्ये ठेवल्या, की त्या पुन्हा गोलाकार होतात आणि मूळचे काम सुरू करतात, हे १९८२ मध्ये दाखवण्यात आले. मिना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये याहून विस्मयकारक निरीक्षण नोंदवले. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी त्रिमितीय जेलमध्ये वाढवून त्यांच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक प्रथिनाचे कार्य रोखले असता, त्या पेशी जवळपास निरोगी ऊतीसारखी रचना करू लागल्या. जनुके तीच, पण भोवतालशी असलेले नाते बदलताच वर्तन बदलले. पेशी कोठे राहते, यावर ती कशी वागते हे अवलंबून असते, असा याचा अर्थ.

परांची कशी असावी?

इमारत बांधताना बाहेरून परांची उभारली जाते आणि काम संपल्यावर ती उतरवली जाते. ऊती अभियांत्रिकीत 'स्कॅफोल्ड' म्हणजे अशीच परांची. फरक एवढाच, की येथे कामगार म्हणजे पेशी परांचीच्या आत राहतात आणि ती उतरवायला कोणी येत नाही. तिने स्वतःच विरून जायचे असते.

या परांचीकडून चार अपेक्षा असतात. तिचे द्रव्य आणि ते विरघळताना बाहेर पडणारे घटक विषारी नसावेत. तिच्या पृष्ठभागाला पेशी चिकटल्या पाहिजेत. रोपण करताना आणि नंतरही तिने भार सोसला पाहिजे. आणि नवी ऊती जितक्या वेगाने तयार होईल, साधारण तितक्याच वेगाने ती नाहीशी झाली पाहिजे. लवकर विरली तर ऊती कोसळते, फार काळ टिकली तर ती वाढीच्या आड येते.

विरघळणाऱ्या टाक्यांसाठी शल्यचिकित्सक वापरतात ती पॉलिग्लायकोलिक व पॉलिलॅक्टिक आम्लाच्या कुळातील पॉलिमर या कामी येतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन त्यांच्यापेक्षा सावकाश विरते. नैसर्गिक पदार्थांमध्ये कोलॅजेन, जिलेटिन आणि रेशमातील फायब्रॉइन हे प्रथिन यांचा वापर होतो, तर हाडांसाठी हायड्रॉक्सिअॅपेटाइटसारखी कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजे वापरली जातात. द्रव्य निवडले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्या द्रव्यात पोकळी किती आणि कशी ठेवायची, हे ठरवण्याचे असते.

छिद्र किती मोठे?

माणसाच्या बहुतेक पेशी १० ते २० मायक्रॉन आकाराच्या असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छिद्र पेशीहून लहान असेल, तर पेशी आत शिरूच शकत नाही. ते जेमतेम तिच्याएवढे असेल, तर पहिल्या काही पेशी तोंडाशीच दाटी करतात आणि मागच्यांची वाट अडवतात. मग छिद्रे मोठीच का करू नयेत? कारण छिद्र मोठे होते तसा पेशींना चिकटण्यासाठी मिळणारा पृष्ठभाग घटतो. एकूण पोकळी तेवढीच ठेवून छिद्राचा व्यास तिप्पट केला, तर आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशावर येते. मोठ्या सभागृहात खांब कमी असतात, तसाच हा प्रकार.

त्यामुळे प्रत्येक ऊतीसाठी वेगळा आकार शोधावा लागतो. भाजलेल्या त्वचेवरील कोलॅजेनच्या सांगाड्याचा अभ्यास करताना आयोआनिस यानास यांना असे आढळले, की छिद्रे साधारण २० ते १२५ मायक्रॉनच्या दरम्यान असली तरच जखम आकसण्याची क्रिया रोखली जाते. हाडांच्या बाबतीत किमान १०० मायक्रॉन ही मर्यादा १९७० च्या सुमारास पुढे आली. २००५ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना कारागिओर्गिऊ आणि कॅप्लान यांनी ३०० मायक्रॉनहून मोठ्या छिद्रांची शिफारस केली. हाड वाढण्यासाठी आधी त्यात केशवाहिन्या शिराव्या लागतात आणि त्यांना प्रशस्त वाट लागते, हे त्यामागचे कारण.

आकाराइतकेच महत्त्व छिद्रे एकमेकांना जोडलेली असण्याला आहे. थर्माकोलमध्ये पोकळी पुष्कळ असते, पण प्रत्येक पोकळी बंद खोलीसारखी असल्याने त्यात पाणी मुरत नाही. आंघोळीचा स्पंज मात्र पाणी शोषतो, कारण त्याच्या खोल्यांना दारे असतात. पेशींना स्पंजासारखी रचना लागते. एका पोकळीतून दुसरीत जाणारे हे 'दार' पोकळीपेक्षा बरेच लहान असू शकते आणि प्रत्यक्षात पेशींची ये-जा या दारांवरच ठरते. त्यामुळे केवळ पोकळीचा सरासरी व्यास सांगून सांगाड्याची गुणवत्ता कळत नाही. संशोधक क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने आतली रचना तपासतात, ती यासाठीच.

पोकळी आणि ताकद

येथे दुसरी अडचण उभी राहते. पोकळी वाढवावी, तशी ताकद झपाट्याने घटते. मोकळ्या छिद्रांच्या फेसासारख्या पदार्थांचा ताठरपणा ढोबळमानाने त्यांच्या सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ८० टक्के पोकळी असलेल्या सांगाड्याचा ताठरपणा मूळ भरीव पदार्थाच्या सुमारे ४ टक्के उरतो आणि पोकळी ९० टक्क्यांवर नेली, तर तो अवघा एक टक्का राहतो. गुडघ्याच्या किंवा मांडीच्या हाडासाठी सांगाडा करताना ही तारेवरची कसरत ठरते. पेशींना हवा तेवढा मोकळेपणा दिला, तर रुग्णाने पाऊल टाकताच सांगाडा चिरडण्याची भीती. मजबुती राखली, तर आत पेशी उपाशी.

ताठरपणाचा प्रश्न केवळ भार सोसण्यापुरता नाही. डेनिस डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये असे दाखवले, की अस्थिमज्जेतील मूळ पेशी मेंदूच्या ऊतीइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर चेतापेशींसारख्या, स्नायूंइतक्या ताठर जेलवर स्नायूपेशींसारख्या आणि त्याहून टणक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या बनू लागतात. पायाखालची जमीन किती टणक आहे, हे पेशी चाचपून पाहते आणि त्यानुसार आपले भवितव्य ठरवते.

छिद्राचा आकारही हीच भूमिका बजावतो. २००८ मधील एका अभ्यासात, आतून वळलेल्या कोपऱ्यांमध्ये हाडाच्या पेशी सपाट भिंतींपेक्षा वेगाने ऊती भरतात, असे दिसले. अॅलन शोएन यांनी १९७० मध्ये नासात असताना वर्णिलेली 'जायरॉइड' ही अखंड वळणाची, कोपरे नसलेली गणिती रचना आज सांगाड्यांच्या आराखड्यांत वारंवार दिसते. सर्व छिद्रे जोडलेली राहूनही तीत भार एका जागी एकवटत नाही.

मीठ, बर्फ आणि साखर

अशी छिद्रे पाडण्याच्या पद्धती ऐकताना स्वयंपाकघराची आठवण व्हावी. सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक मिठाची आहे. द्रावकात विरघळवलेल्या पॉलिमरमध्ये चाळून घेतलेले मिठाचे खडे मिसळायचे, द्रावक उडून गेले की उरलेली वडी पाण्यात बुडवायची. मीठ विरघळते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. खडा जेवढा, छिद्र तेवढे. मात्र मीठ कमी पडले, तर खडे एकमेकांना टेकत नाहीत आणि काही आतच अडकून राहतात. जाड वड्यांच्या गाभ्यातील मीठ धुऊन काढणेही कठीण जाते.

दुसरी पद्धत बर्फाची. कोलॅजेनचे द्रावण गोठवले, की पाण्याचे स्फटिक बनतात; निर्वात अवस्थेत त्या बर्फाची थेट वाफ केली, की स्फटिकांच्या जागा रिकाम्या होतात. जलद गोठवल्यास छिद्रे लहान होतात, सावकाश गोठवल्यास मोठी. एकाच बाजूने थंडावा दिला, तर लांबट समांतर नळ्या तयार होतात. तिसऱ्या पद्धतीत दाबाखालील कार्बन डायऑक्साइड एकदम मोकळा सोडून पॉलिमर ढोकळ्यासारखा फुगवतात. विषारी द्रावक टळते, पण अनेक छिद्रे बंदच राहतात. म्हणून पुढे याच पद्धतीला मिठाची जोड देण्यात आली. विद्युतभाराच्या साह्याने पॉलिमरचे तंतू 'म्हातारीच्या केसां'सारखे ओढण्याची रीतही प्रचलित आहे. हे तंतू शरीरातील कोलॅजेनच्या जाळीशी मिळतेजुळते असतात. परंतु वीण इतकी घट्ट बसते, की पेशी बहुधा पृष्ठभागावरच अडतात.

या सर्व पद्धतींत छिद्रांची नेमकी मांडणी थोडीफार दैवाधीन असते. त्रिमितीय छपाईने ती संगणकावर आखता येऊ लागली. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून बाहेरचा आकार आणि गणिती सूत्रावरून आतली जाळी, अशी सांगड आता घातली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये तर साखरेच्या काचेसारख्या तंतूंची जाळी छापली, तिच्याभोवती पेशींनी भरलेले जेल ओतले आणि साखर विरघळवून रक्तवाहिन्यांसाठी नळ्या मोकळ्या केल्या. गुढीपाडव्याच्या गाठी पाण्यात विरघळाव्यात आणि त्यांच्या जागी वाटा उराव्यात, तसा हा प्रयोग होता.

खरा अडसर प्राणवायूचा

साखरेच्या या खटाटोपाची गरज का भासली? शरीरातील बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असतात. म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढे अंतर. प्राणवायू केवळ झिरपत त्यापलीकडे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. सेंटिमीटरभर जाडीच्या सांगाड्याच्या पृष्ठभागावर पेशी सोडल्या, तर बाहेरच्या पेशी आलेले पोषण आधी फस्त करतात आणि गाभा मृत राहतो. नवी वसाहत उभी राहावी, पण आतल्या गल्ल्यांत पाण्याची वाहिनीच पोहोचू नये, तशी ही गत.

प्रयोगशाळेत यावर उपाय आहे. पोषक द्रव पंपाने सांगाड्यातून खेळता ठेवला, तर आतल्या पेशीही जगतात. पण रोपणानंतर पंप नसतो. रुग्णाच्या रक्तवाहिन्या आत वाढायला दिवस आणि आठवडे लागतात. पेशी तितकी प्रतीक्षा करू शकत नाहीत. निसर्गाने घडवलेली परांचीच वापरावी, या विचाराने मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या जातीतील रॅटचे हृदय साबणासारख्या द्रव्याने धुऊन पेशीमुक्त केले आणि रक्तवाहिन्यांच्या मूळ जाळ्यासह उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी भरल्या. ते हृदय धडधडले, पण त्याचा जोर प्रौढ रॅटच्या हृदयाच्या सुमारे दोन टक्के होता.

रुग्णशय्येवरील धडे

जेथे या मर्यादेचा मान राखला गेला, तेथे यश आले. यानास आणि शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गाईपासूनचे कोलॅजेन आणि शार्कच्या कास्थीतील द्रव्य यांचा पातळ सच्छिद्र थर, वर सिलिकोनचे आवरण, अशी कृत्रिम त्वचा तयार केली. गंभीर भाजलेल्या रुग्णांवरील तिचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'इंटिग्रा' या नावाने तिला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. तीत पेशी पेरलेल्या नसतात; जखमेच्या तळातून रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या त्या पातळ थरात शिरतात. गुडघ्याच्या कास्थीसाठी रुग्णाच्या स्वतःच्या पेशी कोलॅजेनच्या पडद्यावर वाढवून बसवण्याच्या उपचारालाही तेथे डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता देण्यात आली.

मूत्राशयाची कथा अधिक बोधप्रद आहे. अँथनी अटाला यांच्या गटाने २००६ मध्ये सात रुग्णांवरील प्रयोगांचा वृत्तांत 'द लॅन्सेट'मध्ये दिला. रुग्णांच्या पेशी सांगाड्यावर वाढवून त्यांचे मूत्राशय मोठे करण्यात आले होते आणि पोटातील रक्तवाहिन्यांनी समृद्ध असा पडदा त्याभोवती गुंडाळल्यावर परिणाम चांगले दिसले. त्या बातमीने जगभर आशा पल्लवित केल्या. मात्र पुढील टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, तेव्हा मूत्राशयाच्या क्षमतेत अपेक्षित सुधारणा आढळली नाही आणि गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण स्वीकारार्ह नव्हते.

सर्वांत कटू धडा श्वासनलिकेचा. स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी यांनी २०११ व २०१२ मध्ये तीन रुग्णांच्या शरीरात मूळ पेशी पेरलेल्या प्लॅस्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. आकार हुबेहूब होता, रक्तपुरवठा नव्हता. त्यात श्वासनलिका सतत बाहेरच्या हवेच्या आणि जंतूंच्या संपर्कात असते. काही दिवसांच्या पेशीसंवर्धनाने प्लॅस्टिकची नळी जिवंत ऊती बनेल, या गृहीतकाला पुरेसा प्रायोगिक आधार नव्हता. तिन्ही रुग्ण पुढे मृत्युमुखी पडले. २०११ मधील शोधनिबंध 'द लॅन्सेट'ने २०१८ मध्ये मागे घेतला आणि स्वीडनच्या अपील न्यायालयाने जून २०२३ मध्ये मॅकियारिनी यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

याच सुमारास, २०१२ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी श्वासनलिकेची शाखा वारंवार मिटणाऱ्या एका बाळासाठी वेगळा मार्ग निवडला. बाळाची जिवंत नलिका न काढता तिच्याभोवती पॉलिकॅप्रोलॅक्टोनची छापील पट्टी बाहेरून बसवण्यात आली. रक्तपुरवठा शाबूत राहिला, नलिका उघडी राहिली आणि पट्टी काही वर्षांत विरून जाईल अशी तिची रचना होती. सांगाड्याचे काम आधार देण्याचे आहे, ही मर्यादा ओळखल्याचा तो फायदा होता.

औषध चाचण्यांत नवी वाट

संपूर्ण अवयव दूर असले, तरी त्रिमितीय पेशीसंवर्धनाचा एक उपयोग दारात येऊन ठेपला आहे. नवी औषधे माणसांवर वापरण्यापूर्वी बशीतील पेशींवर आणि प्राण्यांवर तपासली जातात आणि या दोन्ही कसोट्या अनेकदा फसव्या ठरतात. सच्छिद्र सांगाड्यावर वाढलेला यकृतपेशींचा किंवा कर्करोगपेशींचा छोटा तुकडा माणसाच्या ऊतीच्या अधिक जवळ जातो. त्यासाठी तो मिलिमीटरभरापेक्षा मोठा असण्याची गरज नसते, त्यामुळे प्राणवायूचा प्रश्न आटोक्यात राहतो. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये औषध व वैद्यकीय चाचणी नियमांत दुरुस्ती करून त्रिमितीय पेशीसंवर्धनासारख्या पर्यायी पद्धतींना स्थान दिले.

सांगाड्यांच्या संशोधनात पुण्याचाही वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१८ मध्ये रेशमातील फायब्रॉइनचे सूक्ष्म कण एकत्र जोडून हाडांसाठी सांगाडा बनवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कणांमधल्या फटी हीच त्याची छिद्रे. दाब सोसण्याची ताकद वाढावी आणि विरण्याचा वेग मंद राहावा, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजेच पोकळी आणि ताकद यांच्या त्याच जुन्या झगड्यावरचा हा एक तोडगा होय.

'प्रयोगशाळेत अवयव तयार' अशा बातम्या यापुढेही येत राहतील. अशा बातमीत अवयवाचे छायाचित्र किती हुबेहूब आहे, याला फारसे महत्त्व नसते. ऊतीचा तुकडा किती जाड आहे, त्याच्या गाभ्यातील पेशी किती दिवस जिवंत राहिल्या, रक्तपुरवठा कोठून आला आणि प्राण्यांवरील प्रयोगांत काय दिसले, या चार प्रश्नांची उत्तरे तीत आहेत का, हे पाहायला हवे. ती नसतील, तर रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी त्या बातमीवर भिस्त ठेवून सध्याचे उपचार थांबवू नयेत, हेच शहाणपणाचे ठरेल.